संदेशवहनाचे खाते आणि आपला सीमाभाग



या व्याख्यानमालेत आजवर संतवाङ्मयावर, शिलालेखांवर, हैदराबादच्या मुक्तिसंग्रामावर अधिकारी व्यक्तींची व्याख्याने झाली. यंदा भारत सरकारच्या दूरसंचार विभागाविषयी बोलावे असे मी कळवले, तेव्हा संयोजकांना थोडे नवल वाटले असावे. दिल्लीच्या अशोक रोडवरील संचार भवनात बसून हे खाते दूरध्वनीचे परवाने देते, ब्रॉडबँडची धोरणे आखते. मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाचे तेथे काय काम, असा प्रश्न कोणालाही पडेल. पण ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत ते गुरुजी इतिहास शिकवताना लढाई कोणी जिंकली एवढ्यावर थांबत नसत. त्या विजयाची बातमी आपल्या गावात किती दिवसांनी आली, कोणी आणली आणि कोणत्या भाषेत सांगितली, असे ते विचारीत. आजचा विषय त्याच प्रश्नातून निघाला आहे.

बिदर, भालकी, औराद, हुमनाबाद, बसवकल्याण, आळंद या टापूला आपण सीमाभाग म्हणतो. हा शब्द आपल्या तोंडी इतका बसला आहे की जणू कडेला असणे हा या भूमीचा जन्मजात स्वभावच आहे. तसे नाही. हा मुलूख कडेला गेला, मध्यावर आला, पुन्हा कडेला गेला. आणि हे कसे घडले ते राजकीय नकाशापेक्षाही टपाल, तार आणि टेलिफोन या खात्यांच्या कागदांवर अधिक स्पष्ट दिसते, असे मला वाटते.

पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात अहमदशहा वली याने बहमनी राजधानी गुलबर्ग्याहून बिदरला आणली. त्यानंतरच्या काळात दख्खनमधील पत्रे बिदरकडे येत आणि बिदरहून निघत. अफानासी निकितीन हा रशियन व्यापारी त्याच शतकात येथे येऊन राहिला व त्याने या शहराचे वर्णन लिहून ठेवले. वजीर महमूद गावान हा तर पत्रलेखनाचा आचार्यच होता. त्याच्या पत्रांचा 'रियाझुल-इन्शा' हा संग्रह आणि पत्रलेखनकलेवरचा 'मनाझिरुल-इन्शा' हा ग्रंथ फारसीच्या अभ्यासकांना परिचित आहेत. तुर्कस्तानच्या सुलतानापासून इराणच्या कवींपर्यंत त्याचा पत्रव्यवहार होता. १४७२ साली त्याने बांधलेला मदरसा आजही बिदरमध्ये उभा आहे. अर्धा का होईना, उभा आहे.

या पत्रपंडिताचा अंत एका पत्रानेच व्हावा, हा इतिहासातील विलक्षण योग होय. दरबारातील विरोधकांनी त्याच्या मोहरदाराला फितवून कोऱ्या कागदावर गावानची मोहर उमटवून घेतली आणि वर ओरिसाच्या राजाला आक्रमणाचे निमंत्रण देणारा मजकूर लिहिला. सुलतानाने कागद पुढे धरला. मोहर माझी आहे, मजकूर माझा नाही, असे गावानने सांगितल्याचे फिरिश्ता नोंदवतो. त्याचे ऐकले गेले नाही. १४८१ साली कोंडपल्लीच्या मुक्कामी त्याचा शिरच्छेद झाला आणि पुढे थोड्याच वर्षांत बहमनी राज्याची शकले झाली.

बिदरच्या बादशहाकडे गेलेल्या दुसऱ्या एका संदेशाची कथा मराठी घराघरांत आहे. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी कोठारे लोकांना खुली केली, त्यांना बिदरला बोलावणे आले. आणि ते पोचण्याआधीच विठू महाराच्या रूपाने प्रत्यक्ष पांडुरंगाने दरबारात धान्याची रक्कम भरून पावती घेतली. महिपतीने 'भक्तविजया'त ही कथा सांगितली आहे. भाविकांना तीत देवाचे कारुण्य दिसते, आणि ते योग्यच आहे. परंतु जरा निराळ्या नजरेने पाहिले तर लक्षात येते की देवाने निवडलेले रूप गावगाड्यातल्या संदेशवाहकाचे आहे. सरकारी भरणा ठाण्यावर पोचवणे, सांगावा नेणे, वाटसरूला वाट दाखवणे ही महार वतनदाराची कामे होती. टपालखाते जन्मण्याच्या कित्येक शतके आधी या देशाचे टपाल त्याच्या पायांवर चालत होते, आणि त्या चालण्याचा मोबदला त्याला भाकरीच्या तुकड्यात मिळत होता. कथेच्या केंद्रस्थानी पावती आहे हेही पाहण्यासारखे आहे. रक्कम पोचली याला देवालाही लेखी पुरावा लागला!

आता शब्दांकडे वळतो. तो माझ्या धंद्याचा भाग आहे. मराठीत टपाल, कन्नडमध्ये अंचे आणि उर्दूत डाक. आपल्या बाजारात एकाच लखोट्याला ही तिन्ही नावे आहेत. टपालाचे नाते 'टप्पा' या शब्दाशी जोडले जाते. हरकारा जेथे थैली दुसऱ्याच्या खांद्यावर देतो तो टप्पा. अंचे ही म्हैसूरच्या वाडियार राजांची स्वतःची टपालव्यवस्था. ती १८८९ साली ब्रिटिश हिंदी टपालात विलीन झाली, पण तिचे नाव कन्नडमध्ये टपालासाठी कायम राहिले. आपला टापू म्हैसूरच्या अंचेखाली कधीच नव्हता. तो होता निजामाच्या टपालाखाली, आणि तेथूनच आपल्या कडेपणाची पहिली गोष्ट सुरू होते.

पहिल्या सालारजंगांच्या कारकिर्दीत, १८६९ साली, हैदराबाद संस्थानाने स्वतःची टपाल तिकिटे काढली. एकोणिसाव्या शतकातील या तिकिटांवर किंमत उर्दू, इंग्रजी, तेलुगू आणि मराठी अशा चार भाषांत छापलेली असे. दरबाराची भाषा फारसी-उर्दू असताना तिकिटाच्या त्या इवल्याशा चौकटीत देवनागरीला जागा मिळाली, याचे मराठी माणसाला समाधान वाटते. मात्र गुलबर्गा, बिदर आणि रायचूरची कन्नड त्या चौकटीत नव्हती, हेही येथे सांगितले पाहिजे. कन्नड शेजाऱ्यांशी भाषेचे वाद घालताना आपण हे विसरतो.

हे निजामी तिकीट संस्थानाच्या हद्दीपर्यंतच चाले. भालकीहून उदगीरला, औरादहून नांदेडला पत्र जाई ते निजामी तिकिटावर. हीच माणसे सोलापूरला पत्र लिहू लागली की इंग्रजी तिकीट हवे. निजामी तिकिटाचे पैसे हाली शिक्क्यात, इंग्रजी तिकिटाचे कलदारात. १८७१ साली मुंबईहून निघालेली जी. आय. पी. रेल्वे सोलापूर, गुलबर्गा करीत रायचूरला मद्रास रेल्वेला मिळाली आणि मुंबई-मद्रास टपाल आपल्या उशाशी धावू लागले. तरी रेल्वे स्थानके, छावण्या आणि रेसिडेन्सी येथील इंग्रजी टपालकचेऱ्या वेगळ्या, आणि गावातले निजामी टप्पाघर वेगळे. सोलापूर ते गुलबर्गा हे अंतर गाडीने काही तासांचे. पण तिकिटांच्या हिशेबात ही दोन राज्ये होती.

१९३१ साली निजाम सरकारने चित्रमय तिकिटे काढली. चारमिनार, उच्च न्यायालय, उस्मानसागर, अजिंठ्याचे प्रवेशद्वार, दौलताबादचा मिनार, आणि १२ आण्यांच्या लाल तिकिटावर महमूद गावानचा बिदरचा मदरसा. बनावट पत्रापायी ज्याचा जीव गेला त्याची वास्तू साडेचारशे वर्षांनी पत्राच्या खरेपणाची खूण म्हणून लखोट्यावर चिकटली. तिकिटे काढणाऱ्यांच्या मनात हा विचार आला असेल असे नाही. पण जमलेले तिकीट पाहताना माझ्या मनात तो दरवेळी येतो.

सप्टेंबर १९४८ मधल्या पोलीस कारवाईनंतर हैदराबाद भारतात आले, आणि १ एप्रिल १९५० रोजी संस्थानाचे टपाल भारत सरकारच्या टपाल-तार खात्यात विलीन झाले. मुक्तिसंग्रामाच्या आपल्या इतिहासात या तारखेला फारशी जागा मिळत नाही. माझ्या मते ती मिळावी. त्या दिवसापासून भालकीच्या माणसाने सोलापूरला, मुंबईला, काशीला एकाच तिकिटावर पत्र टाकले. टपालापुरती आपली कड पुसली गेली. आणि लगेच सहा वर्षांनी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, राज्यपुनर्रचनेने दुसरी कड आली. बिदर जिल्ह्यातले अहमदपूर, निलंगा आणि उदगीर हे तालुके मुंबई राज्यात गेले, झहीराबाद-नारायणखेडचा भाग आंध्र प्रदेशात गेला, उरलेला जिल्हा म्हैसूर राज्यात आला. ज्यांचे जिल्ह्याचे ठिकाण एक होते, ती गावे तीन राज्यांत वाटली गेली. त्या वाटणीच्या न्यायान्यायाची चर्चा महाजन आयोगापासून २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल झालेल्या दाव्यापर्यंत चालत आली आहे. तीत मी आज शिरत नाही. मला एवढेच दाखवायचे आहे की १९५६ ची रेषा टपालाने काही काळ ओळखलीच नाही. पोस्टकार्डाला राज्य नव्हते.

माझे बालपण त्याच वर्षांतले. आमच्या गल्लीत एक कन्नड अव्वा राहात. त्यांची लेक उदगीरकडे दिलेली. जावई पत्रे मराठीत लिहीत. मी ती वाचून अव्वांना मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये सांगत असे आणि त्या कन्नडमध्ये जे बोलत ते मराठीत लिहून देत असे. कार्डाच्या कोपऱ्याला हळदकुंकू दिसले की अव्वा वाचण्याआधीच हसत. कोपरा फाटका दिसला तर कार्ड हातातही घेत नसत. ही खूण मराठी नव्हती की कन्नड नव्हती. तार मात्र इंग्रजीत येई आणि ती वाचणारा गावात एखादाच असे. तारेचा शिपाई दिसताच रडारड सुरू होई. मग कळे की लष्करातला मुलगा रजेवर येत आहे. भाषांतराचा पहिला धडा मी विद्यापीठात घेतलेला नाही, तो या अंगणात घेतला.

तार आणि टपाल ही दोन खाती १९१४ साली एकत्र आली होती. जानेवारी १९८५ मध्ये ती पुन्हा वेगळी झाली आणि आजचा दूरसंचार विभाग स्वतंत्रपणे उभा राहिला. पण खात्याने आपल्या टापूवर ओढलेली पहिली नवी रेषा त्याआधीची आहे, आणि ती ओढणारा गृहस्थ मराठी होता. श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल-तार मंडळाचे ज्येष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे नामवंत कवी. एकाच नावाची अनेक गावे, निरनिराळ्या लिपींतले पत्ते आणि अपुरा मजकूर यांनी पत्रे भरकटत. त्यावर उपाय म्हणून त्यांनी सहा अंकी पिनकोडाची योजना केली आणि १५ ऑगस्ट १९७२ पासून ती अमलात आली. कवी माणसाने अक्षरांच्या गोंधळावर अंकांचा तोडगा काढावा, हे मला मोठे रम्य वाटते. पत्ता मराठीत असो, कन्नडमध्ये असो की उर्दूत, अंक पाहून थैली अचूक सुटते. मात्र योजनेचा पहिला अंक प्रदेशाचा आहे. महाराष्ट्राला ४, कर्नाटक आणि आंध्राला ५. म्हणून बिदर ५८५४०१, भालकी ५८५३२८ आणि उदगीर ४१३५१७. टपाल अडले नाही, उलट सुधारले. पण १९५६ ची रेषा लखोट्यावर अंकांत उमटली ती येथून.

टेलिफोनने ती अधिक जाड केली. ट्रंककॉलचे दिवस येथे बसलेल्या अनेकांनी पाहिले आहेत. ऑर्डिनरी, अर्जंट, लाइटनिंग असे कॉलचे प्रकार; पैसे वाढवावेत तशी घाई वाढे. एक्स्चेंजांची रचना उतरंडीसारखी होती. शेजारच्या जिल्ह्यातला फोनदेखील आपल्या बाजूच्या मोठ्या एक्स्चेंजापर्यंत वर चढे आणि मग पलीकडे उतरे. पुढे थेट एसटीडी आली आणि भालकीला ०८४८४, बिदरला ०८४८२ तर उदगीरला ०२३८५ असे क्रमांक मिळाले. मांजरेच्या दोन्ही तीरांवर सोयरीक असलेल्या घरांच्या डायरीत हे दोन वंश शेजारी शेजारी लिहिलेले असत.

येथे एका गोष्टीचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाववत नाही. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षभरात 'साइट' या नावाने उपग्रहाद्वारे ग्रामीण दूरदर्शनचा प्रयोग झाला. अमेरिकेच्या नासा संस्थेचा एटीएस-६ हा उपग्रह त्यासाठी मिळाला होता आणि सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेडी निवडली होती. कर्नाटकातून विजापूर, गुलबर्गा आणि रायचूर हे जिल्हे निवडले गेले ते मागासलेले म्हणून! ज्या वर्षी देशातल्या बहुतेक शहरांनी दूरदर्शन पाहिले नव्हते, त्या वर्षी गुलबर्गा जिल्ह्यातील खेड्यांत शेतकरी पारावर बसून आकाशातून आलेली चित्रे पाहात होते. १९७७ साली गुलबर्ग्याला दूरदर्शनचे केंद्रही झाले. कार्यक्रम हिंदी, कन्नड, तेलुगू आणि उडिया या चार भाषांत होते. निवडलेली राज्ये पाहता मराठी त्यात नसणे स्वाभाविक होते. निजामी तिकिटावर कन्नड नव्हती, उपग्रहावर मराठी नव्हती. शंभर वर्षांत दोघींनीही वगळले जाणे अनुभवले. हा हिशेब बरोबरीचा झाला असे मी म्हणत नाही, पण दोन्ही बाजूंनी तो लक्षात ठेवावा.

ऐंशीच्या दशकात सी-डॉट या सरकारी संस्थेने उष्णता आणि धूळ सोसणारे, वातानुकूलित खोलीवाचून चालणारे १२८ जोडण्यांचे ग्रामीण एक्स्चेंज बनवले आणि १९८६ साली त्याची पहिली प्रत्यक्ष उभारणी बेळगाव जिल्ह्यातल्या कित्तूरला झाली. गावोगाव पिवळ्या पाट्यांची एसटीडी दुकाने झाली ती त्यानंतरच्या काळात. १९९४ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणाने १९९७ पर्यंत प्रत्येक खेड्यात सार्वजनिक दूरध्वनी पोचवण्याचे ठरवले. ते झाले नाही. १९९९ च्या नव्या धोरणाने मुदत २००२ वर नेली. धोरणाच्या मुदती या आपल्याकडच्या पावसासारख्या असतात, हे येथील श्रोत्यांना निराळे सांगायला नको.

मोबाइल आला आणि रेषेची भिंत झाली. १९९५ च्या सुमारास खात्याने देश 'सर्कलां'त विभागून खाजगी कंपन्यांना परवाने दिले. कर्नाटक, महाराष्ट्र आणि आंध्र प्रदेश ही तिन्ही 'अ' वर्गाची सर्कले, आणि ती तिन्ही आपल्या बिदरपाशी एकमेकांना टेकतात. वर्ग 'अ' असला तरी परवान्याची अट अशी होती की पहिल्या वर्षी दहा टक्के आणि तीन वर्षांत निम्म्या जिल्हा-मुख्यालयांत सेवा पोचली की पुरे. कंपनीने आधी कोणते जिल्हे घ्यावेत आणि कोणते मागे ठेवावेत, हे वेगळे शिकवावे लागले नाही. दराचा प्रकार त्याहून अजब होता. मोबाइलच्या हिशेबात सर्कलच्या आतला फोन जवळचा आणि बाहेरचा दूरचा. म्हणजे सातशे किलोमीटरवरचे बेंगळूर भालकीच्या माणसाला जवळचे झाले आणि चाळीस-पन्नास किलोमीटरवरचे उदगीर परगावचे! सीमेवरच्या शेतात उभे राहिले की पलीकडच्या टॉवरची लहर लागे आणि रोमिंगचे पैसे कापले जात. माझ्याच खिशातून एका कंपनीने असे पैसे कापले. मी तक्रार केली तेव्हा त्यांच्या प्रतिनिधीने, आपण प्रवासात होता, असे उत्तर दिले. मी माझ्या मळ्यातल्या विहिरीवर होतो.

येथे खात्याच्या बाजूनेही बोलले पाहिजे. परवाना देणारे, धोरण आखणारे आणि स्वतः सेवा चालवणारे असे तीन अवतार एकाच खात्याचे होते. १९९७ साली ट्राय हे नियामक प्राधिकरण आले आणि १ ऑक्टोबर २००० रोजी सेवेचे काम बीएसएनएलकडे जाऊन दूरसंचार विभाग मुख्यतः धोरणाचे खाते राहिले. त्यानंतर एकेक रेषा पुसट होत गेली. १ मार्च २००६ पासून सरकारी कंपन्यांनी देशभर एका रुपयात मिनिटभर बोलण्याची योजना आणली. ३ जुलै २०१५ पासून एका सर्कलचा क्रमांक दुसऱ्या सर्कलमध्ये न बदलता नेता येऊ लागला. रोमिंगचे वेगळे पैसेही नंतर गेले. ज्याप्रमाणे १ एप्रिल १९५० ने पत्रातली कड पुसली, त्याप्रमाणे या तारखांनी आवाजातली पुसली. आपल्या सोयरिकींच्या इतिहासात या तारखा लिहून ठेवण्यासारख्या आहेत. जुलै २०१३ मध्ये तार बंद झाली, त्या दिवशी मात्र कोणी रडले नाही.

आता ब्रॉडबँड. २००४ च्या धोरणाने सेकंदाला २५६ किलोबिट एवढ्या वेगाला ब्रॉडबँड म्हटले. २०१३ मध्ये ही मर्यादा ५१२ झाली आणि २०२३ मध्ये २ मेगाबिट. २०१८ च्या राष्ट्रीय डिजिटल संचार धोरणाने तर प्रत्येक नागरिकाला ५० मेगाबिटांचे उद्दिष्ट ठेवले. ऑक्टोबर २०११ मध्ये सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतू नेण्याची योजना मंजूर झाली; तिलाच पुढे भारतनेट हे नाव मिळाले. डिसेंबर २०१७ पर्यंत पहिल्या टप्प्यात एक लाखाहून अधिक ग्रामपंचायती जोडल्या गेल्या. तंतू तालुक्याच्या ठिकाणाहून पंचायतींकडे ओळीने गेला होता. त्यामुळे रस्ता रुंद करणाऱ्या जेसीबीने मध्ये एकदा फाळ मारला की पुढची सगळी गावे एकदम मुकी. २०२३ च्या ऑगस्टमध्ये १,३९,५७९ कोटी रुपयांची सुधारित योजना मंजूर झाली, तीत ओळीऐवजी वलयाची रचना आहे. एका बाजूने तंतू तुटला तर संदेश दुसरीकडून वळून येतो. हा शहाणपणा आपल्या पूर्वजांनाही ठाऊक होता. मांजरेला पूर आला की टपालाची थैली दुसऱ्या उताराने येई.

पण ही वलये तालुक्यांची आहेत, आणि तालुके राज्यांचे. त्याबद्दल तक्रार करावी असे नाही, कारभार कोठून तरी चालायचाच. माझा प्रश्न तंतूच्या टोकाशी काय उमटते याविषयी आहे. कन्नड ही या राज्याची भाषा आहे. ती आपल्याला आली पाहिजे, आणि येते. तरीही सत्तर वर्षांच्या मराठी शेतकऱ्याला खात्याचा किंवा कंपनीचा संदेश समजला नाही तर त्याने काय करावे? राज्यघटनेचे ३५० वे कलम असे आहे की गाऱ्हाणे दूर करण्यासाठी नागरिकाला संघराज्याच्या किंवा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे संघराज्यात वा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेतून निवेदन देता येते. दूरसंचार विभागही त्यात आला. आपल्यापैकी किती जणांनी हा हक्क वापरला? आणि त्याच न्यायाने, सोलापूर-अक्कलकोटच्या कन्नड भाषिकांचा तोच हक्क आपण मनापासून मान्य करतो का?

हा प्रश्न अस्मितेपुरता नाही, जिवाचा आहे. भीमा महाराष्ट्रातून येते. पुण्याकडे पाऊस झाला, उजनीतून पाणी सुटले की पंढरपूरपाठोपाठ अफझलपूर, गाणगापूरचा काठ बुडतो. ऑक्टोबर २०२० चा पूर येथे अनेकांनी भोगला आहे. मांजरेचेही तेच. पाणी एका राज्यात सुटते आणि दुसऱ्या राज्यात पोचते, म्हणून इशाराही रेषा ओलांडून पोचला पाहिजे. २०२३ साली दूरसंचार विभागाने सेल ब्रॉडकास्ट या पद्धतीच्या चाचण्या घेतल्या. आपल्या खिशातले फोन एकाएकी कर्कश वाजले ते आठवत असेल. या पद्धतीत इशारा ठरावीक टापूतल्या टॉवरांवरून तेथील फोनवर उमटतो. सिमकार्ड कोणत्या राज्याचे हे पाहिले जात नाही. पंधराव्या शतकापासूनचा आपला अनुभव पाहता ही रचना मला फार मोलाची वाटते. राहते ती भाषा. गाणगापूरच्या घाटावर कोणत्याही दिवशी कन्नड गावकरी असतात आणि मराठी यात्रेकरूही. तेथील इशारा दोन्ही भाषांत निघावा अशी मागणी दोन्ही बाजूंच्या शाळांनी आणि ग्रामपंचायतींनी एकत्र करावी. यात सीमावाद कोठेही येत नाही.

आणि इशारा खरा आहे हे कळायलाही हवे. बनावट मोहरेच्या कागदाने बिदरचा वजीर गेला. आज बँकेच्या आणि खात्याच्या नावाने येणाऱ्या बनावट संदेशांनी पेन्शन जाते. ज्याला संदेशाची भाषाच नीट येत नाही तो मोहर पाहून विश्वास ठेवतो, सुलतानाने ठेवला तसा. दुसरी बाजूही आहे. १८८५ च्या तार कायद्याच्या पाचव्या कलमाने सरकारला संदेश अडवण्याचा आणि पाहण्याचा अधिकार दिला होता. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने दूरध्वनीवरील संभाषण हा खाजगीपणाच्या हक्काचा भाग मानून त्या अधिकाराला कार्यपद्धतीचे बंधन घातले. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने जुना कायदा बाजूला सारला, अधिकार मात्र ठेवला. लखोटा कोणी उघडावा हा वाद लखोटा गेल्यावरही राहिला आहे.

शेवटी एक विनंती करून थांबतो. मे २०२५ मध्ये टपाल विभागाने डिजिपिन नावाची नवी पत्तापद्धती जाहीर केली. साऱ्या देशाचे सुमारे चार मीटर लांबी-रुंदीचे चौकोन पाडले आहेत आणि प्रत्येकाला दहा चिन्हांचा संकेत आहे. त्यात राज्याचा अंक नाही. आपल्या शाळेच्या फाटकाचा एक संकेत, पटांगणातल्या चिंचेचा दुसरा. अर्थात ती अक्षरे रोमन आहेत. वेलणकरांच्या पिनकोडाची जागा ती कधी आणि किती घेईल ते पुढची पिढी पाहील. तोवर जुने लखोटे रद्दीत जाऊ नयेत. माजी विद्यार्थ्यांपैकी ज्यांच्या घरी निजामी तिकिटांची पत्रे, १९५० ते १९५६ या काळातले शिक्के असलेली कार्डे, मराठी-कन्नड-उर्दू अशा मिश्र पत्त्यांचे लखोटे किंवा जुन्या तारा असतील, त्यांनी त्या, निदान त्यांच्या प्रती, शाळेच्या ग्रंथालयाकडे द्याव्यात. ग्रंथपालांनी त्यासाठी एक कपाट रिकामे करण्याचे मान्य केले आहे. बारा आण्यांचे ते लाल तिकीट कोणाकडे निघाले, तर ते त्या कपाटात सर्वांत वर लावू.